प्राक्कोजागिरी दुग्धपान : मीरा-भाईंदरच्या विशेष संदर्भात

कोजागिरीचं दूध कोजागिरीआधीच पिऊन टाकणे या क्रियेला शास्त्रात नाव नाही. प्रस्तुत लेखकाने ते दिले आहे : प्राक्कोजागिरी दुग्धपान. संक्षेपाने ‘प्राग्दुग्ध’. (क् चा ग् का झाला हे विचारू नये. झाला.)

व्याख्या अशी : आश्विन पौर्णिमेच्या मध्यरात्रीआधी, आटवून मसाला घातलेलं दूध, सोहळ्याच्या हेतूने, किमान पाच जणांनी मिळून पिणे. ‘सोहळ्याच्या हेतूने’ हे शब्द गाळले, तर स्टेशनबाहेर बारा महिने मिळणारी मसाला दुधाची बाटली व्याख्येत घुसते. ‘किमान पाच’ हा आकडा मात्र मी पदरचा घातला आहे.

तिथींच्या भानगडी कमलाकरभट्टांनी १६१२ साली ‘निर्णयसिंधू’त निस्तरून ठेवल्या आहेत. कोजागिरीला मध्यरात्री पौर्णिमा असली पाहिजे, असा दंडक आहे. शनिवार असला पाहिजे, असा नाही. तो आमच्या मीरा रोडच्या सोसायटीच्या कमिटीने घातला.

२०२४ ची कोजागिरी १६ ऑक्टोबरला, बुधवारी आली. बुधवारी रात्री बारापर्यंत गच्चीवर बसायचं आणि गुरुवारी सकाळी उलटं भाईंदरला जाऊन रिटर्न येत लोकलची खिडकी पकडायची, हे कुणाच्याच्याने होण्यासारखं नव्हतं. मग आधीचा शनिवार धरला. तो निघाला दसरा. सातला आपट्याची पानं वाटली, आठला त्याच हातांनी दूध. दशमीचा चंद्र एका अंगाने चेपलेला होता. मी तसं दाखवून दिल्यावर सेक्रेटरीसाहेब पातेल्यात डाव फिरवत म्हणाले, “दुधात हलतंच ना प्रतिबिंब? कोणाला कळतंय!” या युक्तिवादाला मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

नेमकी शनिवारीच कोजागिरी आली ती २०२३ साली, २८ ऑक्टोबरला. कमिटीत आनंदीआनंद. तर त्या रात्री एक वाजून पाच मिनिटांनी खंडग्रास चंद्रग्रहण लागणार होतं आणि त्याचे वेध दुपारी चारपासूनच! वेध पाळणाऱ्यांनी शुक्रवारीच उरकून घेतलं. न पाळणाऱ्यांनी शनिवारी घेतलं, पण शुक्रवारचं उरलेलं.

अधिक महिन्याचा पेच याहून अवघड. २०२० साली अधिक आश्विन आला होता. १ ऑक्टोबरला एक आश्विन पौर्णिमा झाली आणि कोजागिरी ३० ऑक्टोबरला. करोनामुळे गच्चीला कुलूप होतं, म्हणून मी १ तारखेला घरातल्या घरात दूध आटवलं. ते प्राग्दुग्ध धरावं की अधिकदुग्ध? आम्ही घरात चारच माणसं, त्यामुळे माझ्याच व्याख्येने मी सुटतो.

या बाबतीत आपण एकटे नाही, हेही नोंदवायला हवं. म्युनिकचा ऑक्टोबरफेस्ट १२ ऑक्टोबर १८१० च्या एका राजघराण्यातल्या लग्नातून सुरू झाला. पुढे थंडी टाळायला तो सप्टेंबरात ओढला. आता ऑक्टोबरात फक्त शेपूट उरली आहे. तिथली पारंपरिक मेर्त्सन बिअर तर नावाप्रमाणे मार्चात गाळायची, कारण १५५३ च्या बव्हेरियन फर्मानाने २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बिअर गाळायला बंदी होती. तरीही महापौर पहिलं पिंप फोडेपर्यंत मंडपात कुणाला घोट मिळत नाही. महापौर ते फोडतात शनिवारी. दुपारी बाराला. कमिटी सगळीकडे सारखीच.

आता या प्रबंधाचा मुख्य शोध. २०२५ ला कोजागिरी ६ ऑक्टोबरला, सोमवारी होती; आम्ही ४ तारखेला, द्वादशीला जमलो. हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईतून पाऊस परतण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर. म्हणजे खरा शरद आलाच नव्हता आणि सोमवारची कोजागिरीसुद्धा प्राक्कोजागिरीच होती. पण शोध तो नव्हे. चौथ्या मजल्यावरच्या बा चौविहार पाळतात. सूर्यास्तानंतर पाणीही नाही. पौर्णिमेला चंद्र उगवतो तो सूर्य मावळता मावळता, त्यामुळे खऱ्या कोजागिरीला बांच्या वाट्याला दूध येतं, चंद्र येत नाही. द्वादशीचा चंद्र मात्र चार-साडेचारलाच उगवतो. त्या शनिवारी सहाला बा पेला घेऊन गच्चीवर आल्या. ढग होते. मी विचारलं, “बा, चंद्र आहे का?” त्या मान वर करून म्हणाल्या, “छे!” मला वाईट वाटलं. मग कळलं, गुजरातीत ‘छे’ म्हणजे आहे. ढगाच्या फटीत फिकट, कापसाच्या बोंडासारखा, खरंच होता. बांनी तो बघत, चारोळ्या दाताखाली घेत, सावकाश पेला संपवला आणि सूर्य अजून शिल्लक आहे याची पश्चिमेकडे वळून खात्री केली.

जायफळाबद्दल एकच टिपण : कोण जागं आहे असं लक्ष्मी विचारत फिरते त्या रात्री झोप आणणारं फळ दुधात किसायचं, ही परंपरा कुणी पाडली याचा तपास स्वतंत्रपणे व्हावा. मी तो हाती घेतला होता, पण पेला रिकामा झाल्यावर डोळा लागला.

सोमवारी, खऱ्या कोजागिरीला, तौलनिक अभ्यासासाठी एक पातेलं घरी करावं म्हणून खालच्या दुकानात दूध मसाल्याचं पाकीट मागितलं. ज्या फळीवर गणपतीपासून ती पाकिटं होती, तिथे उटणं आणि मोती साबण लागले होते.

“मसाला गेला हो, सीझन संपला,” दुकानदार म्हणाला. “उटणं देऊ?”

घेतलं. नरक चतुर्दशीला अजून दोन आठवडे होते. मंगळवारी सकाळी लावून आंघोळ केली.