शांता, कमल आणि तापलेला दगड

गिरगावातल्या आमच्या घरात पाल दिसली की आजी केरसुणी शोधायची, आई किंचाळायची आणि बाबा पेपरातून डोकं वर न काढता "अगं, झुरळं खाते ती" म्हणून दोघींचा राग ओढवून घ्यायचे. पाल अंगावर पडलीच, तर पंचांग निघायचं. उजव्या खांद्यावर पडल्यास काय, डाव्या पायावर पडल्यास काय, याची फळं त्यात छापलेली असतात. पाल आपण होऊन पैसे देऊन घरी आणल्यास काय फळ मिळतं, हे मात्र कुठल्याही पंचांगात नाही. ते मला न्यू जर्सीत, स्वखर्चाने शोधून काढावं लागलं.

अथर्वला प्राणी हवा होता. कुत्र्याला बर्फात फिरवायचं कोणी, यावर आमच्यात एकमत होतं: मी नाही. मांजराची मेधाला ॲलर्जी. मासे आणले की मरतात आणि मग शोकसभा घ्यावी लागते. उरला लेपर्ड गेको. मेधाने अट घातली, "भिंतीवर चढता कामा नये." ही अट पुरी करणारी पाल जगात आहे, हे मलाही नवीनच होतं. या जातीच्या बोटांना आपल्या घरातल्या पालीसारखी चिकटणारी गादी नसते, त्यामुळे काचेवर चढता येत नाही. वर तिला हलणाऱ्या पापण्या असतात. पिवळ्या अंगावर काळे ठिपके, जाडजूड शेपूट आणि नुकतंच शेजाऱ्यांचं भांडण ऐकून आल्यासारखा मिस्किल चेहरा. मूळची ही अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातल्या कोरड्या, खडकाळ मुलखातली. तिची एक बहीणजात आपल्या महाराष्ट्रात आणि गुजरातेतही आहे. अंगात विषाचा थेंब नसताना लोक तिला विषारी समजून मारतात. आमची मात्र कित्येक पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेली, म्हणजे आमच्याआधी अमेरिकेत स्थायिक झालेली. तिला व्हिसाची चिंता नव्हती. तिचं नाव आम्ही शांता ठेवलं.

शांता दिवसभर एका पोकळ लाकडाखाली पडून असे. मला ते बघवेना. दोन खोल्यांत नऊ माणसं, अशा घरात मी वाढलो. एकट्याने जेवणाऱ्या माणसाची आमच्याकडे कीव केली जाई आणि दार लावून बसणाऱ्याला बरं नाही असं समजत.

"हिला बोलायला कोणी नाही रे," मी अथर्वला म्हणालो.

"बाबा, ती संध्याकाळी उठते. आत्ता झोपलीये."

"एकटेपणामुळेच झोप येते माणसाला."

मुलाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी पुढे पशुवैद्याच्या चेहऱ्यावरही पाहिली.

शांताला सोबत आणायला मी दुकानात गेलो. तिथला पोरगा हुशार वाटला. या जातीत नर की मादी हे अंडं किती तापमानाला उबतं त्यावर ठरतं, आणि शांता व ही दुसरी, दोघी थंडाव्यात उबवलेल्या, म्हणजे मादीच, असं त्याने सांगितलं. मला विज्ञान म्हटलं की शंका येत नाही. नव्या प्राण्याला काही आठवडे वेगळं ठेवून मगच जुन्याजवळ न्यायचं असतं, हेही तो म्हणाला होता बहुतेक. पण आलेल्या पाहुणीला दारात ताटकळत ठेवायची आमच्या घराण्यात पद्धत नाही. कमल थेट शांताच्या पेटीत दाखल झाली.

शांताने तिला पाहिलं, शेपूट वर उचललं आणि सावकाश डावी-उजवीकडे डोलावलं. मला भरून आलं. "शेपूट हलवतेय! ओळख पटली!" मी व्हिडिओ काढून घरच्या ग्रुपवर टाकला. त्यावर अकरा बदाम आणि मावशीचे आशीर्वाद आले. शेपटीची ती संथ हालचाल म्हणजे 'आता चावते' अशी पूर्वसूचना असते, हे त्या अकरा जणांना आणि मावशीला मी अजून कळवलेलं नाही.

पुढे तर दोघी एकमेकींच्या अंगावर झोपू लागल्या. शांता वर, कमल खाली. मी पाहुण्यांना पेटीपाशी नेऊन सख्ख्या बहिणींमध्ये हल्ली अशी माया दिसत नाही वगैरे बोलायचो. वस्तुस्थिती अशी होती की पेटीत ऊब देणारी एकच मॅट, तिच्यावर एकच सपाट दगड, बत्तीस अंशांच्या आसपास तापलेला. या प्राण्यांना पोटातलं अन्न पचवायला बाहेरची ऊब लागते. ज्याचा दगड, त्याचं पचन. शांता दगडावर बसत होती, मध्ये कमल आली तर कमलवर बसत होती.

कमल रोडावली. गेकोचं शेपूट म्हणजे मुदतठेव असते. सुगीच्या दिवसांतली चरबी तिथे साठते आणि अडीअडचणीला मोडता येते. कमलची ठेव डोळ्यांदेखत संपत चालली. मी यावर घरगुती उपाय केला: जास्त वाढलं. कॅल्शियमची पूड लावलेले मूठभर रातकिडे पेटीत सोडले. निम्मे शांताने खाल्ले आणि उरलेले झाकणाच्या फटीतून निघून फ्रिजमागे राहायला गेले. तिथून ते रात्रभर गात. मेधा अंधारात विचारायची, "अजून कोणाला एकटं वाटतंय का, बघून घे. आणूया."

एका रात्री पेटीत झटापट झाली. दिवा लावून पाहतो तो कमलचं शेपूट कमलपासून सुटून एकटंच वळवळत होतं. संकटात शेपूट टाकून पळायची ही सोय मला शाळेपासून पाठ आहे. पण माझ्यातलं गिरगाव जागं झालं आणि भानावर आलो तेव्हा मी सोफ्यावर उभा होतो. अथर्वने शांतपणे कमलला उचलून टिश्यूपेपर घातलेल्या डब्यात ठेवलं.

पशुवैद्याने शांताला उलटं धरून भिंगाखाली पाहिलं. मागच्या पायांच्या मध्ये उलट्या टोपीसारखी ठळक छिद्रांची रांग, तिच्याखाली दोन फुगवटे. "अभिनंदन," ती म्हणाली, "हा नर आहे." त्या क्षणापासून शांता शांताराम झाला. मग तिने तापमानाचं गणित समजावलं. सव्वीस अंशांच्या सुमारास बहुतेक माद्या, साडेबत्तीसच्या आसपास बहुतेक नर आणि आणखी वर गेलं की पुन्हा बहुतेक माद्याच. शिवाय सगळीकडे 'बहुतेक'. दोन नर ठेवाल तर मारामारी, नर-मादी ठेवाल तर तो तिला जगू देणार नाही, दोन माद्या ठेवाल तरी एक दगड बळकावणार. मोकळ्या रानात पटलं नाही तर निघून जाता येतं, काचेच्या पेटीत जाणार कुठे?

"पण आम्ही दोन खोल्यांत नऊ जण राहायचो," मी म्हणालो.

"म्हणूनच तू न्यू जर्सीला आलास," मेधा मराठीत म्हणाली.

दुसरी पेटी, दुसरी मॅट, दुसरा थर्मोस्टॅट. बिलाचा आकडा आईपासून लपवला आहे, म्हणून इथेही देत नाही. कमलला गाजरासारखं नवं, गुळगुळीत शेपूट फुटलं आणि आता शांतता नांदेल असं वाटत असतानाच तिने ओल्या शेवाळाच्या डब्यात मऊ कवचाची दोन अंडी घातली. दोघांना वेगळं करून बराच काळ लोटला होता. मादी नराचं बीज अंगात साठवून ठेवू शकते आणि हंगामभर थोड्या थोड्या दिवसांनी दोन-दोन अंडी घालत राहते, असं फोनवर समजलं. पिल्लं नको असतील तर अंडी लगेच फ्रीझरमध्ये ठेवा, असाही सल्ला मिळाला. आमच्या फ्रीझरमध्ये खोवलेल्या नारळाशेजारी आता एक डबा आहे. त्यावर मेधाने लाल अक्षरात लिहिलंय: 'हे खोबरं नाही.'

फेब्रुवारीत आई आली. पालींना प्रत्येकी स्वतंत्र खोली आणि आपल्याला नातवाच्या खोलीतला सोफा-कम-बेड, हे तिने पहिल्या पाच मिनिटांत टिपलं. घरात आम्ही हीटर बेताचाच ठेवतो. दोन स्वेटर घालून ती पाहुण्यांच्या खोलीत गेली, शांतारामच्या पेटीवरचा आकडा तिने चष्मा लावून वाचला आणि मला हाक मारली.

"याला बत्तीस, आणि मला वीस?"

"आई, त्याला पचनासाठी लागतं ते."

"मग मला काय जेवण पचवायचं नसतं?" असं म्हणून तिने उशी मागवली.