चाळीस फुटी पाहुण्यास अनावृत पत्र

प. पू. कंटेनर-ट्रेलर महाराज,
मु. सावरोली-खारपाडा रस्ता (बहुतेक वेळा मधोमध)

साष्टांग नमस्कार. परवा सेकंड शिफ्ट सुटल्यावर कुंभिवलीच्या अलीकडच्या वळणावर आपण तो मला प्रत्यक्षच घालायला लावलात. डंपरला ओव्हरटेक करण्याची आपल्याला घाई, आणि समोरून मी. साइडपट्टीवर उतरलो, तर ती डांबरापेक्षा वीतभर खाली. गाडी आडवी, मी चिखलात, क्लचचा लिव्हर तुटून हातात. आपण पुढे निघून गेलात. कामं असतात मोठ्या लोकांना.

आता गरिबाचंही ऐका. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पुरा झाला. त्याचा टोलनाका आमच्या खालापुरात, फूडमॉलही आमच्याकडेच. दुचाकीला तेवढी बंदी. बरं, नियम आहे. जुन्या हायवेने जावं तर घाट उतरून आलेले ट्रक मागून असे दाबतात की आरशात फक्त बंपर दिसतो. म्हणून हा आडरस्ता धरला. इथे पावसात तिसऱ्या गिअरवर निवांत जावं, तर हेल्मेटच्या आतही खाचरातले बेडूक ऐकू येतात. आपल्यालाही हाच रस्ता आवडला. पनवेलची कोंडी टळते, हटकणारं कोणी नाही. आवडीनिवडी जुळल्या की असं होतं.

फक्त आपल्या देहयष्टीचा विचार व्हावा. उजव्या वळणावर आपलं तोंड आपल्या बाजूने जातं, मागची चाकं आतून कापत येतात. समोरचा दुचाकीवाला केबिन गेली म्हणून सुस्कारा टाकतो, तेवढ्यात राहिलेला कंटेनर त्याच्याच अंगावर सरकतो. रविवारी फटाके फोडत येणारे मुंबईचे बुलेटवाले, मोबाइलच्या नकाशातून आमच्या आळीत शिरणाऱ्या मोटारी, खड्डे, हे सगळं आम्ही सोसलं. पण याच रस्त्याने पोरं शाळेत जातात रे! मला पाडून वर हॉर्न मारतोस? रस्ता काय तुझ्या बापाचा आहे?

दुसऱ्या दिवशी लिव्हर आणायला निघालो, तर एका गोदामाच्या गेटाबाहेर अर्धा रस्ता अडवून ट्रेलर उभा. शिव्या तोंडाशी आणून गाडी थांबवली. चालक दोन चाकांच्या मध्ये प्लास्टिक बांधून स्टोव्हवर भात शिजवत होता. नंबर लागलेला नाही म्हणाला, कालपासून उभा आहे. संडास कुठे, हे त्याने हातानेच दाखवलं: पलीकडचं शेत. २०२५पर्यंत लागू असलेल्या १९६१च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला आठ तास काम लिहिलं होतं, लांब पल्ल्याला फार तर दहा. गेटाबाहेरची रात्र कामाच्या तासांत कोण धरतो? तिथे वाया गेलेला वेळ मग आमच्या वळणांवर वसूल होतो.

ते तुम्हीच होतात की दुसरे कोणी, मला ठाऊक नाही. शिव्या मात्र देववल्या नाहीत.

तर दादा, वळणावर ओव्हरटेक करू नका आणि शाळा सुटायच्या वेळी गावातून हळू जा. आणि गोदामवाले शेठ, हे पत्र तुम्हीही वाचत असाल, तर एवढी एकरांनी जमीन घेतलीत, त्यातली थोडी या गाड्यांना उभं राहायला द्या. गेटाच्या आत, आणि संडासासकट.

आपला,
साइडपट्टीवरचा एक दुचाकीस्वार
मु. कुंभिवली, ता. खालापूर