कंट्रोलर रुसल्यास करावयाचे विधी

सर्व्हरवर पिवळा दिवा लुकलुकू लागला, की जाणत्या प्रशासकाने प्रथम दोन्ही हात पाठीमागे बांधावेत. ही पायरी हास्यास्पद वाटेल, पण डेटा जाण्यामागे पुष्कळदा बिघडलेल्या डिस्कपेक्षा माणसाचा उत्साह अधिक असतो. बऱ्याच सर्व्हरांत स्लॉटची मोजणी शून्यापासून सुरू होते. लॉगमध्ये ‘स्लॉट ३’ नापास दिसला, की घाईतला माणूस तिसरी डिस्क ओढतो. ती असते स्लॉट २ ची, धडधाकट. रेड-५ मध्ये एक डिस्क आजारी असताना दुसरी बाहेर आली, की अ‍ॅरेचा निकाल लागला.

डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ साली बर्कलीच्या विद्यापीठातून मांडलेली रेडची कल्पना सरळ होती. एका महागड्या डिस्कऐवजी पुष्कळ स्वस्त डिस्कांची मोट बांधावी आणि थोडी जादा माहिती साठवावी, म्हणजे एखादी गेली तरी काम अडत नाही. बाजाराने पुढे हा सारा व्यवहार कंट्रोलर नावाच्या एका कार्डावर सोपवला. डिस्क आठ, कारभारी एक. एकत्र कुटुंबात कारभाऱ्याचेच डोके फिरले तर तिजोरीची किल्ली कोणाकडे मागायची, याचा विचार सहसा किल्ली हरवल्यावरच होतो.

निदानाचा नियम सोपा आहे. एकच डिस्क पडली, तर संशय डिस्कवर घ्यावा. चार एकदम पडल्या, तर डिस्कांना शिव्या देण्याआधी केबल पाहावी. जुन्या सर्व्हरांतल्या एका सास केबलवर चार डिस्कांची वाहतूक चालते आणि सैल बसलेला कनेक्टर चारही जणींना एका क्षणात मृत घोषित करतो. केबल निर्दोष ठरली, तर मग बॅकप्लेन आणि शेवटी कार्ड. कार्डाच्या चिपला सर्व्हरच्या पंख्यांचा सोसाट्याचा वारा अपेक्षित असतो. तेच कार्ड कोणी काटकसरीने साध्या डब्यात बसवले असेल, तर चिपवरच्या हीटसिंकला बोट लावून खात्री करू नये.

काहीच पडलेले नाही, पण सगळे रांगते आहे, अशीही एक अवस्था असते. हिशेबखाते म्हणते नेटवर्क खराब, नेटवर्कवाले म्हणतात डेटाबेस खराब. बहुधा कार्डावरची बॅटरी संपलेली असते. बॅटरी ठणठणीत असेतो कंट्रोलर लिहायचा मजकूर आपल्या कॅशमध्ये ठेवून ‘झाले’ म्हणतो. ती नसली, की प्रत्येक अक्षर डिस्कवर उतरेपर्यंत थांबतो, कारण वीज गेली तर कॅशमधले सारे पुसले जाईल. काही जुनी कार्डे तर साधारण तीन महिन्यांनी बॅटरीची तब्येत तपासण्यासाठी ती स्वतःच रिकामी करून पुन्हा भरत. हा उपास भर कामाच्या दिवशी आला, तर दोष मात्र प्रशासकाला.

आता पुरवठादाराला फोन. त्याआधी लॉग काढून दुसऱ्या यंत्रावर ठेवावा, कारण पलीकडून आधी रीस्टार्ट सुचवले जाते आणि त्यात काही पुरावे पुसले जातात.

“सर, फर्मवेअर लेटेस्ट आहे का?”

“अ‍ॅरे डिग्रेडेड आहे. बॅकअप होईपर्यंत मी काहीच अपडेट करणार नाही.”

“ओके सर. पण फर्मवेअर लेटेस्ट आहे का?”

इथे आवाज चढवू नये. करारात ‘चार तासांत इंजिनीअर’ असे लिहिलेले असते, पण अनेक करारांत ते चार तास फोनवरचे निदान संपल्यावर मोजायला घेतात. तेव्हा रागावण्यात घालवलेला वेळ आपल्याच खात्यात जमा होतो.

शिवाय त्या पोपटपंचीची सरसकट टिंगल करण्याचीही सोय उरलेली नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीईने ग्राहकांना कळवले, की आपल्या काही सास एसएसडी ३२,७६८ तास चालल्यावर बंद पडतील, म्हणजे ३ वर्षे २७० दिवस आणि ८ तासांनी. त्यानंतर ना डिस्क परत मिळणार, ना डेटा. आकडा प्रोग्रामरांच्या ओळखीचा: १६ बिटांच्या चिन्हासह मोजणीत ३२,७६७ च्या पुढे जागाच नसते. उपाय एकच, एचपीडी८ हे फर्मवेअर, तेही मुदतीच्या आत. एकाच दिवशी सुरू केलेल्या डिस्क साधारण एकाच वेळी मरणार, त्यामुळे रेडची सारी पुण्याई वाया. मार्च २०२० मध्ये वेगळ्या काही डिस्कांबाबत तसाच इशारा आला. या वेळी मुदत ४०,००० तासांची. तेव्हा डिस्कांचे चालू तास वहीत नोंदवावेत आणि सगळ्या डिस्क एकाच खोक्यातल्या घेऊ नयेत, मग खरेदी विभाग कितीही कुरकुरो.

अखेर नवे कार्ड येते. ते डिस्कांकडे बघून ‘फॉरेन कॉन्फिगरेशन’ म्हणते. घाबरू नये. अ‍ॅरेची मांडणी डिस्कांवरही लिहिलेली असते, म्हणून ‘इम्पोर्ट’ निवडता येते. त्याच्याच शेजारी ‘क्लिअर’ बसलेले असते आणि ‘इनिशिअलाइझ’ही फार दूर नसते. तिथे बोट नेण्यापूर्वी इंजिनीअरला चहा द्यावा आणि पडदा दोघांनी मिळून मोठ्याने वाचावा.

रिबिल्ड सुरू होते, टक्केवारी मुंगीच्या पावलाने सरकते. एवढ्यात मेल येते: तिकीट बंद झाले आहे, आमची सेवा कशी वाटली ते एक ते दहाच्या मापावर कळवा. अ‍ॅरे अजून चार टक्क्यांवर असतो.