भुताटकीच्या गावाचा मार्शल

मार्शलकडे पिस्तूल नसतं. असते फाशांची पिशवी, पत्त्यांचे जोड, पोकरच्या चकत्यांचा डबा आणि स्वयंपाकघरातून न विचारता उचललेल्या मेणबत्त्या. आठवडाभर हा गृहस्थ अमेरिकेतल्या एखाद्या मध्यम शहरात विम्याचे दावे तपासतो आणि लोकांच्या गळक्या छपरांवर अविश्वास दाखवतो. शनिवारी रात्री मात्र तळघरातल्या टेबलाशी बसला, की तो १८७६ सालच्या जंगली पश्चिमेचा कर्ताकरविता होतो. वादळ आणणं, मुडदे उठवणं आणि पिझ्झा कुठवर आलाय हे बघणं, ही सगळी खाती त्याच्याकडेच.

खेळाचं नाव ‘डेडलँड्स’. शेन लेसी हेन्स्ली यांनी तो १९९६ मध्ये काढला. या जातीच्या खेळांना पट लागतोच असं नाही. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातलं एकेक पात्र होतात, आणि कुणाचं काय झालं ते फासे ठरवतात. १९७४ च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ने ही रीत पाडली, पुढच्याच वर्षी ‘बूट हिल’ने तिला काउबॉयची टोपी घातली, आणि १९८१ च्या ‘कॉल ऑफ क्थुलू’ने पात्रांचं डोकं किती ताळ्यावर आहे याचे गुण मोजायला सुरुवात केली. हेन्स्लींनी टोपी आणि भीती एकत्र केली. त्यांच्या इतिहासात १८६३ साली अमेरिकी यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या रणांगणावर मेलेले सैनिक उठून उभे राहतात. पुढे १८६८ च्या भूकंपात कॅलिफोर्नियाचे तुकडे होतात आणि त्या भेगांत एक दगड सापडतो. तो कोळशापेक्षा जोरात जळतो, फक्त जळताना विव्हळतो. या खेळात गोष्ट सांगणाऱ्याला म्हणतात मार्शल.

मार्शलची तयारी सोमवारीच सुरू होते. तो ‘पकडून देणाऱ्यास इनाम’ची पत्रकं छापतो, चहात बुडवतो आणि जुनी दिसावीत म्हणून ओव्हनमध्ये भाजतो. त्या आठवड्यात घरातल्या केकलाही चहाचा वास येतो. शिवाय त्याला खऱ्या इतिहासाचं व्यसन. ऐन गोळीबारात खेळ थांबवून तो सांगणार, की १८८१ ची ओके कोरलची प्रसिद्ध चकमक सुमारे तीस सेकंदांत आटोपली आणि ती कोरलमध्ये, म्हणजे घोड्यांच्या आवारात, झालीच नव्हती, शेजारच्या मोकळ्या जागेत झाली. मग कोल्ट रिव्हॉल्व्हरमध्ये सहा घरं असूनही सावध माणूस पाचच गोळ्या का भरायचा, यावर छोटं व्याख्यान. तोवर समोरचा दरोडेखोर बिचारा हात वर करून उभा.

पण खेळाचा सांगाडाच इतका मजेदार आहे, की व्याख्यानं माफ होतात. मारामारीत आधी कोण, हे पत्ता ओढून ठरतं. पांढऱ्या, लाल, निळ्या चकत्या म्हणजे नशीब: फासा उलटा पडला तर सावरायला वापरा, नाहीतर जपून ठेवा आणि अनुभवाचे गुण म्हणून वटवा. त्यामुळे प्रत्येक टेबलावर एक कंजूष असतोच. खिशात निळी चकती असताना तो गोळी खाऊन मरतो, आणि तरीही हिशेब चुकला नाही असं त्याला वाटतं. जादूगाराला मंत्र म्हणायची सोय नाही. त्याने मनातल्या मनात सैतानाशी पोकर खेळायचं आणि हातात जोडी आहे की तिडी, त्यावर जादू किती चालली ते ठरायचं. आणि मेलं म्हणून सुटका नाही. पुन्हा पत्ते ओढायचे. नशीब ‘चांगलं’ असेल तर तुमचं पात्र थडग्यातून परत येतं, आत एक बिऱ्हाडकरू भूत घेऊन.

हे सगळं पुस्तकात छापलेलंच आहे, त्यासाठी मार्शल कशाला? तर नेमकं काय सांगायचं नाही, हे ठरवायला. नवशिका मार्शल राक्षसाची नखं, दात, लाळ यांचं वर्णन करत सुटतो आणि लोक फोन बघू लागतात, सत्यनारायणाच्या चौथ्या अध्यायाला बघतात तसे. मुरलेला मार्शल वेगळा. त्याला डॉनर तुकडी पाठ असते: १८४६ च्या हिवाळ्यात कॅलिफोर्नियाला निघालेली ८७ माणसं सिएरा नेवाडाच्या बर्फात अडकली, जवळपास निम्मी दगावली आणि जगलेल्यांतल्या काहींनी मेलेल्यांचं मांस खाल्लं. तो यातलं अक्षर बोलत नाही. खिंड बंद, रात्र झालेली, लाकडी झोपडीत दिवा, चुलीवर रटरटणारा स्ट्यू. गेले दोन महिने बर्फ हटलेलं नाही, एवढं जाता जाता सांगतो. कुणीतरी विचारतं, “मांस कशाचं आहे?”

मार्शल हसून म्हणतो, “किती वाढू?”

त्या रात्री पेपरोनी पिझ्झाचे अर्धे तुकडे उरतात.

त्याचा खरा शत्रू भूत नव्हे, टेबलावरचा विनोदवीर. भयाचा सगळा डोलारा एका कोटीने कोसळतो. खिडकीत उभ्या मुडद्याला हा विनोदवीर ‘बॉब’ म्हणतो, सगळे हसतात. नारायण धारपांच्या भयकथा रात्री वाचलेल्यांना कळेल, की इथे रागावून चालत नाही. मार्शलही हसतो आणि नाव वहीत टिपून ठेवतो. तीन शनिवारांनंतर, दुसऱ्याच गावात, त्या विनोदवीराच्या खोलीच्या दारावर टकटक होते. बाहेरून आवाज येतो, “बॉब आलाय.” मग कोणी हसत नाही.

एवढा दुष्ट माणूस खेळ सुरू करण्यापूर्वी मात्र कमालीचा सभ्य असतो. कुणाला काय नको, हे आधीच विचारतो. जॉन स्टॅव्हरोपोलोस यांनी रुळवलेलं एक्स-कार्ड टेबलाच्या मध्यभागी ठेवतो: त्याला हात लावला की तो प्रसंग गोष्टीतून काढायचा, कारण विचारायचं नाही. आणि ते योग्यच आहे. नकोसं काही खुद्द खेळातही होतं: मूळ आवृत्तीत गुलामगिरीसाठी लढणारी दक्षिणेची राजवट टिकून राहिली होती. पुढे प्रकाशकांनीच तो इतिहास बदलून ती मोडीत काढली. काही जुन्या खेळाडूंना हे रुचलं नाही. मार्शलने खांदे उडवले. मुडदे चालतील, पण ते सरकार त्याला टेबलावर नको होतं.

दरवर्षी उन्हाळ्यात इंडियानापोलिसला ‘जेन कॉन’ हे अशा खेळांचं संमेलन भरतं, तिथे असे मार्शल ढिगाने भेटतात. मुलाकडे अमेरिकेला गेला असाल आणि तो “बाबा, चला” म्हणाला, तर जरूर जा. पेन्सिल न्या, निळी चकती वेळेवर खर्चा, आणि कोणी स्ट्यू वाढायला आलं तर ताट मागे घ्या.