ऐनवेळचे विषय

नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेची नोटीस हातात पडलीच, तर ती खालून वर वाचावी. वरचा पहिला विषय ठरलेला : 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे'. ते वाचत कोणी नाही, कायम मात्र होते. मग पथदिवे, गटारे, कोंडवाडा, आठवडी बाजाराच्या वसुलीचा लिलाव, अमक्या प्रभागात पेव्हर ब्लॉक आणि तमक्या प्रभागात पुन्हा पेव्हर ब्लॉक अशी रांग. सगळ्यात शेवटी एक बापुडवाणी ओळ : 'मा. अध्यक्ष यांचे परवानगीने ऐनवेळी येणारे विषय'. तिच्यापुढे तपशील नसतो.

सभागृहातला सगळा घसा छापील विषयांवर खर्च होतो. चौकाला कोणाचे नाव द्यायचे, यावर दीड तास. कमानीवर अध्यक्षांचे नाव आधी की आमदारांचे, यावर पाऊण तास. तेवढ्यात नाश्त्याच्या प्लेटा फिरू लागतात आणि कोणीतरी म्हणतो, "चला, उरलेले घ्या मंजूर करून." उरलेल्यांत पाणीपुरवठ्याच्या देखभालीचा ठेका असतो, घनकचऱ्याची मुदतवाढ असते, बाजारातल्या गाळ्यांचे भाडे असते. आणि असतो तो आपल्या भाषेला प्रशासनाने दिलेला अलंकार : 'कार्योत्तर मंजुरी'. म्हणजे काम झाले, बिल आले, आता काम करावे की नाही यावर सभागृहाने साधकबाधक विचार करावा.

हे सगळे ज्या कायद्याने चालते तो आहे १९६५ चा महाराष्ट्र नगरपरिषदांचा अधिनियम. फार समंजस कायदा. ज्याने लिहिला त्याने सभागृहात मागच्या बाकावर बसून काही वर्षे काढली असावीत, अशी शंका येते. सर्वसाधारण सभेत काय काय चालेल हे सांगताना त्याने परिषदेची कर्तव्ये आणि अधिकार तर घातलेच, शिवाय मान्यवर पाहुण्याचे स्वागत, थोर व्यक्तीला मानपत्र आणि दुखवट्याचा ठराव यांचीही सोय केली. माणसाला हार घालणे आणि माणूस गेल्यावर उभे राहणे, ही दोन कामे आपल्या नगरसेवकांना विनाप्रशिक्षण येतात, हे कायद्याने ओळखले होते. सभेची नोटीस सात पूर्ण दिवस आधी हवी, विशेष सभेची तीन दिवस. गणपूर्ती नसेल तर अर्धा तास थांबा आणि सभा तहकूब करा. तहकूब सभेला मात्र गणपूर्तीची गरज नाही. ही शेवटची सोय ज्याला कळली, तो नगरसेवक कधी हरत नाही.

स्वागताच्या खर्चावरून आठवले. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन येणार म्हणून त्यांच्या स्वागताला हजार रुपये मंजूर करण्याचा विषय आला. बाकी सगळ्यांचे हात वर. विरोधात एकटे जोतीराव. हे पैसे गरिबांच्या शिक्षणाला वापरा, असे त्यांचे म्हणणे. खर्च अर्थातच मंजूर झाला. लिटनसाहेबांची कमान कुठल्या रस्त्यावर होती हे आज पुण्यात कोणाला सांगता येणार नाही. तो एक विरोधी हात मात्र नोंदीत राहिला. आजच्या इतिवृत्तात तोही राहणार नाही. आजचे इतिवृत्त म्हणते : 'सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर'.

सर्वानुमते! माझा या शब्दावर जुना राग आहे. पाणी दिवसाआड की चार दिवसांआड यावर ज्या गावात दोन शेजाऱ्यांचे एकमत होत नाही, त्या गावाचे सगळे प्रतिनिधी कोट्यवधींच्या निविदेवर एका मिनिटात एकमत कसे होतात? तर होत नाहीत. सभागृहात हात वर करायचा आणि दुसऱ्या दिवशी जिल्हाधिकारी कार्यालयाची पायरी चढायची, हीही एक रीत आहे. कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्याला ठरावाची अंमलबजावणी थांबवता येते. त्यामुळे विरोधाला हल्ली सभागृहात आवाज लागत नाही, अर्जाला पोच मिळाली की पुरते. पुढे तो अर्ज मागेही घेता येतो. का मागे घेतला, हे विचारायचे नसते.

भांडणाची आपल्याकडे फार बदनामी झाली आहे. नगरपालिकेत खुर्च्या फेकल्या, माइक तोडला, राजदंड पळवला, की दुसऱ्या दिवशी पेपरात 'लोकशाहीला काळिमा' असा मथळा. मी म्हणतो, खुर्ची मोडली तर मोडू द्या, शंभर मीटर सिमेंट रस्त्याचा दर त्या दिवशी गावाला कळतो. दोन गट एकमेकांचे ठेकेदार काढतात, एक म्हणतो तुमचा रस्ता पावसाळ्यात वाहून गेला, दुसरा म्हणतो तुमची टाकी भरायच्या आधीच गळली, आणि पत्रकार कक्षात बसलेल्या पोराच्या वहीत फुकटात सामाजिक लेखापरीक्षण उतरते. शांत सभेतून काहीही बाहेर येत नाही. येतो तो फक्त ठराव क्रमांक.

आणि शांत सभा म्हणजे काय, ते आपण नुकतेच सलग पाहिले. बहुतेक नगरपरिषदांची मुदत २०२१ च्या अखेरीपासून २०२२ च्या सुरुवातीपर्यंत संपली. घटनेच्या २४३-यू कलमात पाच वर्षे, त्याहून जास्त नाही आणि मुदत संपायच्या आत निवडणूक, असे स्वच्छ लिहिलेले. पण ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचना यांचे वाद न्यायालयात गेले आणि गावे प्रशासकाच्या ताब्यात. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दट्ट्या दिल्यावर त्याच डिसेंबरात मतदान झाले. मधल्या काळातला कारभार मोठा देखणा होता. मुख्याधिकाऱ्यांनी टिपणी लिहायची, 'मंजुरीस्तव सादर' म्हणून वर पाठवायची, आणि बऱ्याच ठिकाणी प्रशासकही तेच असल्यामुळे खुर्ची न सोडता तिला मंजुरी द्यायची. ना तहकुबी, ना गणपूर्ती, ना नाश्ता. आपल्याच टिपणीला 'फेरसादर करा' असा शेरा मारणारा प्रशासक मी शोधतो आहे. कोणाला आढळल्यास त्याच्या मानपत्राचा विषय मीच मांडीन.

गावातली शहाणी मंडळी त्या काळात म्हणत, बरे झाले, कटकट गेली. गटार तुंबायचे तेवढेच तुंबत होते, नळाला पाणी यायचे तेव्हाच येत होते. मग नगरसेवक हवेत कशाला? प्रश्न बिनतोड वाटतो. पण पूर्वी गटार तुंबले की शिव्या द्यायला गल्लीतच एक माणूस होता. सकाळी दूध आणायला गेला तरी तो सापडायचा. प्रशासकाला शिव्या द्यायच्या तर आधी वेळ घ्यावी लागते, आणि भेटीची वेळ ठरेपर्यंत त्यांची बदली होते.

आता नवे सभागृह आले आहे. अध्यक्ष थेट जनतेतून. हा थेटपणाही मजेशीर आहे : २०१६ ला थेट, सरकार बदलल्यावर २०२० ला नगरसेवकांतून, २०२२ ला पुन्हा सरकार बदलले तेव्हा पुन्हा थेट. जनता शहाणी की नगरसेवक, याचा निर्णय दर वेळी मुंबईत होतो. परिणाम असा, की काही गावांत अध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचे. राजकीय पंडित याला पेचप्रसंग म्हणतात. मला त्या गावातल्या करदात्यांचा हेवा वाटतो. तिथे निदान पहिले काही महिने तरी नोटीस शेवटच्या ओळीपर्यंत वाचली जाईल. पुढे समझोता होतोच.

पैशांचे म्हणाल तर अंदाजपत्रक शिलकी असते. गावावर वीजबिलाची थकबाकी असो, निवृत्त कर्मचाऱ्यांची देणी असोत, फेब्रुवारीत शिल्लक दिसतेच. १९९९ मध्ये नगरपरिषदांची जकात बंद झाली, नाके उठले आणि त्याबदल्यात सरकारी अनुदान सुरू झाले. तेव्हापासून अनुदान आले की पगार, असा पंचांग पाहून चाललेला संसार. घरपट्टी वाढवायची तर चार वर्षांनी फेरआकारणी येते, पण चौथे वर्ष नेमके निवडणुकीच्या तोंडावर आले की आकारणीला मुहूर्त मिळत नाही. हरकती मागवतात, सुनावण्या लावतात, आणि नगरसेवक स्वतःच मोर्चाच्या पुढे उभा राहून स्वतःच्याच नगरपरिषदेला निवेदन देतो. निवेदन स्वीकारताना फोटोही त्याचाच.

उपविधी हा आणखी एक दुर्लक्षित वाङ्मयप्रकार. कचरा कुठे टाकावा, जनावरे कुठे बांधावीत, फलक कुठे लावावेत, सगळे त्यात असते. नगरपरिषद तो करते, हरकती मागवते, सरकारकडे मंजुरीला पाठवते, आणि मंजूर होऊन आला की कपाटात ठेवते. नागरिकाची त्याच्याशी भेट थेट दंडाच्या पावतीवर होते. तीही सगळ्यांना नाही. राज्याच्या २०१८ च्या प्लास्टिकबंदीत पहिल्या गुन्ह्याला पाच हजारांचा दंड. आठवडी बाजारात मेथी विकणाऱ्या बाईची अख्खी पाटी तेवढ्याची नसते. म्हणून पावती क्वचित फाटते, बहुधा 'समज' दिली जाते. समज कितीला पडते, हे बाजारात विचारा. फलकांचे तर बोलायलाच नको. 'येथे जाहिरात लावू नये, हुकुमावरून' या पाटीवरच भावी स्वीकृत सदस्याच्या वाढदिवसाचा फलक, आणि शुभेच्छुकांमध्ये हुकूम देणाऱ्यांचेही फोटो.

हे वाचून कोणाला वाटेल, एवढ्याशा गावाच्या एवढ्याशा ठरावांवर कशाला शाई घालवायची. तर महाडला जाऊ. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव झाला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले करण्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले. प्रत्यक्षात तीन वर्षे एकाही अस्पृश्याला तिथे ओंजळ भरता आली नाही, आणि नगरपालिकेने त्याबद्दल काही केले नाही. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हा त्यांनी नगरपालिकेच्याच मंजूर ठरावाची अंमलबजावणी केली. मग नगरपालिकेला जाग आली. ४ ऑगस्ट १९२७ ला तिने तो ठराव रद्द केला. तीन वर्षे न पाळलेला ठराव, कोणी पाळला म्हटल्यावर पाच महिन्यांच्या आत रद्द! पुढे दिवाणी दावे चालले आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ मध्ये अस्पृश्यांच्या बाजूने लागला. नगरपालिकेच्या सभेत घेतलेले हे दोन ठराव. दोन्ही वेळी कोणीतरी म्हणालेच असेल, घ्या मंजूर करून.

सभा खुली असते, हेही त्याच १९६५ च्या कायद्यात आहे. कोणीही नागरिक जाऊन बसू शकतो. बसतात कोण? नगरसेविकांचे पती. २०११ पासून निम्म्या जागा महिलांच्या झाल्या आणि प्रेक्षकांच्या बाकांना अचानक गिऱ्हाईक मिळाले. ते तिथून खुणा करतात, चिठ्ठ्या पाठवतात, क्वचित उठून बोलतातही, आणि पीठासीन अधिकारी त्यांना 'साहेब' म्हणतात. नागरिकांच्या हक्काचा इतका नियमित वापर गावात दुसरे कोणी करत नाही. बाईंचा हात मात्र एखाद्या दिवशी खूण नसताना वर जातो. एखाद्या प्रभागातल्या सार्वजनिक शौचालयाला दार नाही, हे सभागृहात पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून निघते, तेव्हा प्रेक्षकांचे बाक अस्वस्थ होते.

तुम्हाला जायचे असेल तर नोटीस कार्यालयातल्या फलकावर लागते. फलक बहुधा जन्म-मृत्यू विभागाच्या कपाटामागे असतो. सभा चुकली तर ऐनवेळच्या विषयांची नक्कल मागा. लिपिक म्हणेल, माहिती अधिकारात अर्ज करा. दहा रुपये भरा, तीस दिवस थांबा. उत्तर येईल, की सदर सभेचे इतिवृत्त अद्याप कायम झालेले नसल्याने नक्कल देता येत नाही. पुढच्या सभेची वाट पाहा, ती गणपूर्तीअभावी तहकूब होईल, पुन्हा भरेल, इतिवृत्त न वाचता कायम होईल. मग नक्कल मिळेल, शिक्क्यासकट. तोवर ठेकेदाराचे पहिले बिल निघालेले असते.