डब्यातले सर

सर कुठल्याच शाळेत शिकवत नाहीत. तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ते मेंटेनन्सला आहेत. पंप, बेअरिंग, कपलिंग हा त्यांचा संसार. पण पालघरहून बोईसरला जाणाऱ्या सकाळच्या गाडीत त्यांना सगळे सरच म्हणतात, कारण त्यांनी एकदा तोंड उघडलं की मधलं उमरोळी कधी येऊन गेलं ते कळत नाही. या लाइनवर असा एक सर डब्याडब्यात सापडतो. नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पहिलाच धडा 'गतीचे नियम'. पोरं परीक्षा झाली की तो विसरतात. सरांचा धडा अजून चालूच आहे.

त्यांचं म्हणणं सहसा चुकत नाही, हीच मोठी अडचण. गाडीनं ब्रेक मारला, मागचा पुढच्याच्या अंगावर गेला, पुढचा खवळला, की सर मध्ये पडलेच. "यानं धक्का दिलाच नाही हो. पाय गाडीबरोबर थांबले, धड आधीच्याच वेगानं चालू राहिलं. जडत्व!" ज्याच्या पायावर ते जडत्व येऊन पडलंय, तो काय बोलणार?

बोईसर स्टेशनाबाहेर शेअर रिक्षा. चौथा माणूस ड्रायव्हरशेजारी अर्ध्या बुडावर. वळण आलं की तो निम्मा रस्त्यावर. सर मागच्या सीटवरून त्याला धीर देतात, "बाहेर फेकणारं बल असं काही नसतंच. तुम्ही आपले सरळच चाललाय, वळतेय ती रिक्षा. तुम्हाला आत ओढणारं बल तेवढं कमी पडतंय."

"सर, हात द्या आधी!"

"हां, हेच ते बल," म्हणत सर त्याचा दंड धरतात. धरतात मात्र घट्ट, हे मान्य करायला हवं.

सातपाटीचं पापलेट घेऊन बसलेल्या मावशीपुढे मात्र न्यूटन टिकत नाही. किलो हे वस्तुमान, वजन म्हणायचं तर किलोमागे 9.8 न्यूटन म्हण, असं सरांनी तिला समजावलं. हेच पापलेट चंद्रावर नेलं तर वजन सहावा हिस्सा! मावशी बर्फ सारत म्हणाली, "मग ने तिकडे. पैसे इथलेच दे."

घरीही तेच. सकाळी निघालो तिथंच संध्याकाळी परत आलो, म्हणजे दिवसभराचं विस्थापन शून्य, असं ते चपला काढता काढता जाहीर करतात. "आणि पगार?" एवढंच बाई विचारतात.

2018 च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीकडे जमीन हलायला लागली. धक्क्यामागून धक्के. लोकांनी रात्री घराबाहेर काढल्या. सर नेमके त्या दिवसांत तलासरीकडे सासुरवाडीला. भांडी वाजली, सगळं घर अंगणात धावलं, मोजणीत जावईबापू कमी. सासरे दारातून डोकावले तर सर पंख्याखाली उभे, नजर वर.

"पंखा हलतोय, या की बाहेर!"

"पंखा हलत नाहीये मामा. तो जागेवर राहायला बघतोय. हलतंय ते घर. भूकंपमापक यंत्र याच तत्त्वावर..."

"मग हलणाऱ्या घरात थांबलात कशाला?"

या प्रश्नाचं उत्तर तिन्ही नियमांत नाही. सर बाहेर आले, पण पंख्याकडे बघत बघत.

मात्र एका ठिकाणी त्यांचं गणित मी कधी हसण्यावारी नेत नाही. गाडी पुरती थांबायच्या आत फलाटावर उतरणारी पोरं असतात. सर त्यांना नियम सांगत बसत नाहीत. "ताशी 30 म्हणजे सेकंदाला आठ मीटरच्या वर. साडेतीन मीटरवरून पडलास तर आपटताना हाच वेग असतो. पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून मारशील का उडी?" पोरं हसतात. पण गाडी थांबेपर्यंत हसत उभी राहतात.

हल्ली विषय बुलेट ट्रेनचा. ताशी 320! आपल्या लोकलचे 80 धरले तर चौपट वेग, पण किलोमागे ऊर्जा सोळापट, आणि थांबवायचं म्हणजे ती सगळी कुठंतरी जिरवायला हवी, हे सरांनी वर्तमानपत्राच्या समासात मांडून दाखवलं. पालघर ते बोईसर बारा किलोमीटर धरा, सव्वादोन मिनिटं! डबा गप्प झाला.

"म्हणजे सर, आपण पालघरला बसलो की..."

"पालघरला ती थांबणार नाही. ठाणे, विरार, बोईसर. पालघरवाल्यानं बोईसरला येऊन बसायचं."

"कशानं यायचं?"

सरांनी पेनचं टोपण लावलं. "लोकलनं."