खडीकरण झाले, डांबरीकरण बाकी

मुरूम म्हणजे झिजून भुसभुशीत झालेला काळा दगड. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून सह्याद्रीचा बेसॉल्ट तयार झाला. ऊन-पावसाने त्याचा वरचा भाग तांबूस-पिवळसर होऊन फावड्याला दाद देऊ लागतो. पाणी मारून धुमसाने ठोकला की हा मुरूम घट्ट बसतो. घराची जमीन, खळे, शाळेचे मैदान आणि रस्ता ही चारही कामे खेड्यात त्याच्यावर भागतात. अमेरिकेत कॅन्सस राज्यातील एम्पोरिया येथे 2006 पासून अशाच कच्च्या, म्हणजे ‘ग्रॅव्हल’, रस्त्यांवर 200 मैलांची सायकल शर्यत होते, आणि 2022 मध्ये या प्रकाराचे पहिले जागतिक अजिंक्यपद इटलीत भरले. ज्या ‘ग्रॅव्हल’साठी लोक विमानाने परदेशी जातात, ते पुणे आणि सातारा जिल्ह्यांच्या पश्चिम अंगाला फुकट अंथरलेले आहे. तेथील रहिवासी त्याला ‘रस्ता झाला नाही अजून’ असे म्हणतात.

या रस्त्यासाठी वेगळी सायकल लागते. तिचे हँडल शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले आणि टायर साधारण 40 मिलिमीटर रुंद असतो. डांबरावरची शर्यतीची सायकल 25 ते 28 मिलिमीटरच्या टायरवर आणि फुगवलेल्या गर्वावर चालते. येथे हवा मुद्दाम कमी ठेवतात, म्हणजे टायर खडी गिळतो आणि मणक्यापर्यंत पोहोचू देत नाही. टायरमध्ये ट्यूब नसून पांढरा चिकट द्रव असतो. बाभळीचा काटा घुसला की तो द्रव बाहेर येऊन वाळतो आणि भोक बुजते. काटा उपसून पाहण्याची जिज्ञासा ज्याला आवरत नाही, त्याच्या पायजम्यावर पुढचे भोक बुजते. गावच्या पारावर या सायकलीची तपासणी ठरलेल्या क्रमाने होते: कॅरिअर नाही, स्टँड नाही, मडगार्ड नाही. मग किंमत विचारली जाते. मालक ती निम्मी करून सांगतो. सायकल निम्मीच आणलेली दिसत असल्यामुळे ऐकणाऱ्याला ती पटते, पण तरीही महागच वाटते.

वाटांचे प्रकार अनेक आहेत. दोन शेतांमधून जाणारी पाणंद, दोन गावांच्या हद्दीवरून जाणारा शिवरस्ता, कालव्याच्या कडेने पाटबंधारे खात्याने आपल्या जीपसाठी राखलेली वाट, आणि धरणाच्या फुगवट्याभोवतीचा रस्ता. कालव्याची वाट सर्वांत सज्जन असते, कारण पाण्याला चढ चालत नाही. फुगवट्याचा रस्ता मात्र सोशिक माणसाचे काम आहे. पानशेत किंवा भाटघरचे पाणी जेथे जेथे ओढ्यात शिरले आहे, तेथे तेथे रस्ताही आत शिरतो, ओढा ओलांडतो आणि समोरच्या काठाने परत येतो. पलीकडच्या वाडीतला कोंबडा ऐकू येतो. वाडी अर्ध्या तासाने येते. विचारावे तर ‘आलंच की’ असे उत्तर मिळते. व्याकरणाच्या पुस्तकांत हे रूप भूतकाळाचे मानले असले, तरी मावळात ते दूरच्या भविष्यकाळासाठी वापरतात.

बैलगाडीच्या वाटेवर दोन खोल चाकोऱ्या आणि मधोमध गवताचा उंचवटा असतो. आठवडाभर कार्यालयात बसून चाकोरीबाहेरचे काहीतरी करावे असे ज्याला वाटते, तो रविवारी पहाटे येथे येतो आणि संध्याकाळपर्यंत शब्दशः चाकोरीतून बाहेर पडू शकत नाही. डावीतून उजवीत जाण्याचा प्रयत्न मधल्या गवतावर संपतो. गवतात दगड असतो.

या वाटा ‘वाहतूकमुक्त’ म्हणवतात, पण त्या शब्दाचा अर्थ येथे जपून घ्यावा लागतो. आदल्या रात्री वस्तीला आलेली मुक्कामाची एसटी पहाटे निघून जाते, तिच्यामागे दूधगाडी, तिच्यामागे तालुक्याला जाणारे वडाप. त्यानंतर दुपारपर्यंत चाकांची वाहतूक जवळजवळ नसते, पायांची असते. म्हशींचा कळप रस्त्याची पूर्ण रुंदी वापरतो. वजन वाचवण्यासाठी सायकलची घंटी काढलेली असते, आणि ती असती तरी म्हशीने तिला महत्त्व दिले नसते. धनगरवाड्याजवळ कुत्री धावून येतात. त्यांचा राग माणसावर नसून फिरणाऱ्या पायांवर असतो. खाली उतरून, सायकल मध्ये धरून शांतपणे चालू लागले की बहुतेक कुत्र्यांचा विषयातला रस संपतो. पळ काढणे हा पर्याय चढावर उपलब्ध नाही.

चढाचे कारणही त्या लाव्ह्यातच आहे. थर एकावर एक बसल्यामुळे डोंगर पायऱ्यांसारखे झाले; या खडकाला ‘ट्रॅप’ म्हणतात, तो शब्दही पायरीसाठीच्या स्वीडिश शब्दावरून आलेला आहे. गाडीचा घाट वळणे घेत चढतो. पाऊलवाट सरळ चढते, आणि नकाशात दोन्ही सारख्याच रेघेने दाखवलेल्या असल्या की घोटाळा होतो. जुन्नरजवळचा नाणेघाट हे याचे मानाचे उदाहरण. घाटमाथ्यापर्यंत चाकाने जाता येते. पुढे कोकणात उतरणारी वाट दगडी पायऱ्यांची आहे, तेथे सायकलीवर माणूस न बसता माणसावर सायकल बसते. आज तेथे वाहन नसल्याचे कौतुक होते, पण सातवाहनांच्या काळी हा मोठा व्यापारी मार्ग होता. लेण्यात त्यांचा ब्राह्मी शिलालेख आहे, आणि माथ्यावरचा दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता असे सांगतात. दोन हजार वर्षे थांबण्याची तयारी असेल, तर कोणताही महामार्ग वाहतूकमुक्त होतो.

हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन शिमग्याला आटोपतो. पावसाळ्यात माती चाक आणि सांगाडा यांच्यामधल्या फटीत साचते, चाक फिरायचे थांबते, आणि साडेनऊ किलोची सायकल खांद्यावर घेताना तिच्यासोबत थोडी शेतजमीनही येते. उन्हाळ्यात करवंदे आहेत, सावली नाही.

उरतो प्रश्न या रस्त्यांच्या आयुष्याचा. 2000 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेने 500 च्या वरच्या लोकवस्त्या (डोंगरी राज्यांत आणि आदिवासी भागांत 250 च्या वरच्या) बारमाही रस्त्याने जोडायला घेतल्या. त्यामुळे चांगला मुरूम बहुधा त्याहून लहान वाडीकडेच सापडतो. वाडीतल्या बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला डांबर हवे असते. ते न व्हावे असे मनातून वाटणारी पंचक्रोशीतली एकमेव व्यक्ती म्हणजे रविवारचा सायकलस्वार. हे मत तो चहाच्या टपरीवर मांडत नाही. रस्ता टप्प्याने होतो: आधी मुरूम, मग खडीकरण, मग डांबरीकरण. ताजी खडी सायकलीला सर्वांत वाईट, कारण ती कोठेच बसलेली नसते. दोन टप्प्यांमध्ये निधी अडकला आणि एखादे वर्ष बैलगाड्या व वडाप तिच्यावरून फिरले, की ती दबून उत्तम होते. डांबर पडले म्हणजे पहिल्या सुगीला त्यावर नाचणी वाळत पडते, दुसऱ्या वर्षी मोटारी येतात, आणि सायकलस्वार हळहळत पुढची वाडी शोधतो.

अशा रस्त्याच्या तोंडाशी कामाचा फलक असतो. त्यावर कामाचे नाव, लांबी, अंदाजपत्रकीय रक्कम आणि शेवटी ‘दोषदायित्व कालावधी : 5 वर्षे’ असे लिहिलेले असते. जाणता सायकलस्वार तेथे थांबून काम पूर्ण झाल्याची तारीख पाहतो, तीत पाच वर्षे मिळवतो, आणखी दोन पावसाळे धरतो आणि ते साल वहीत टिपून ठेवतो.